हेड गेलंय, ताई!

पहाटे साडेपाचच्या शिफ्टला तुम्हाला घ्यायला येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा विचार तुम्ही कधी केलाय? नाही ना? साहजिक आहे. आपण चढतो, कानात इयरफोन खुपसतो, खिडकीला डोकं टेकवतो आणि थेट ऑफिसच्या गेटवर जागे होतो. गाडी दहा मिनिटं लेट झाली तर ग्रुपवर ड्रायव्हरच्या नावाने शिमगा करतो. आणि तिकडे, त्याच्या सीटशेजारच्या त्या रेक्झिन लावलेल्या झाकणाखाली, सेकंदाला साठ-सत्तर स्फोट होत असतात. बिनबोभाट. ते बंद पडले की काय होतं, हे मला २०२५ च्या जुलैत घोटीला कळलं.

माझ्या मावसभावाची, म्हणजे दादाची, एक सतरा सीटर आहे. बारा वर्षांची. सोमवार ते शुक्रवार डोंबिवली-कल्याणची पोरं ऐरोलीच्या आयटी पार्कला सोडायची, शनिवार-रविवार ट्रेकवाल्यांना सह्याद्रीत. दादा स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर, स्वतःच क्लीनर. गाडीचं कर्ज फिटलं तेव्हा वहिनीने पेढे वाटले होते. त्यानंतर दर महिन्याला थोडे थोडे बाजूला पडत होते ते नव्या बीएस-सिक्स गाडीच्या डाउन पेमेंटसाठी. हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय, की पुढे जे झालं ते एका इंजिनाचं नव्हतं, त्या बाजूला पडलेल्या पैशांचं होतं.

त्या शनिवारी कळसूबाईचा ट्रेक होता. चौदा जण आणि मी. मला ट्रेकिंगच्या वाढत्या क्रेझवर लेख लिहायचा होता, म्हणून फुकटात सीट. समृद्धी महामार्गाचा शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जूनलाच सुरू झाला होता, त्यामुळे बोगद्यातून सुसाट जाता आलं असतं. पण मंडळींना पावसातला कसारा घाट बघायचा होता. घाट सुंदरच होता, त्याबद्दल वाद नाही. शेजारून रेल्वेचा थळ घाट जातो. तिथला चढ इतका तीव्र, सदतीसला एक, की कसाऱ्याला गाड्यांना मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. आमच्यामागे बँकर नव्हतं.

घाटाच्या मध्यावर टेंपरेचरचा काटा चढला. दादाने एसी बंद केला. मग काटा चक्क खाली आला आणि दादाने हुश्श केलं. इगतपुरी गेलं. त्यानंतर गाडी ओढेनाशी झाली, मागे पांढऱ्या धुराचा लोट, बॉनेटमधून टकटक असा कोरडा आवाज, आणि घोटीच्या अलीकडे इंजिनाने मान टाकली. स्टार्टर मारला तर नुसतं 'टक्'. पुन्हा मारला, पुन्हा 'टक्'.

ट्रेकवाल्यांना दादाने दोन जीपगाड्या ठरवून बारी गावाकडे रवाना केलं. त्यांचा ट्रेक बुडता कामा नये, हा त्याचा धंद्याचा नियम. मी थांबले. लेख गेला खड्ड्यात, भाऊ रस्त्यावर उभा होता.

चहाच्या टपरीवरचा एक उत्साही माणूस पाण्याची बादली घेऊन धावत आला. इंजिनावर ओतणार, एवढ्यात मागून कोणीतरी खच्चून ओरडलं, "ओ भाऊ! बादली खाली ठेव! हेड फोडायचंय का त्याचं?" हे आमचे मिस्त्री. साठीच्या आसपासचे, खाकी शर्ट, कानात पेन्सिल. हायवेच्या कडेला त्यांची पत्र्याची शेड. तापलेल्या लोखंडावर एकदम गार पाणी पडलं की ते तडकतं. तव्यावर पाणी मारलं की काय होतं ते घरोघरी माहीत आहे, पण तव्याची किंमत दोनशे रुपये असते.

मिस्त्रींनी पहिले दोन तास काहीच केलं नाही. खरंच काही नाही. चहा पाजला. पाऊस बघत बसले. समोरच्या खाचरांमध्ये भाताची आवणी चालू होती, बायका कंबरेत वाकून ओळीने मागे सरकत होत्या. दादाची चुळबुळ चालली होती, पण मिस्त्री म्हणाले, "गरम गाडीला हात लावणारा मेकॅनिक नसतो, तो बोहरी असतो." याचा नक्की अर्थ काय ते मी विचारलं नाही. पण इंजिन आपोआप गार होऊ द्यायचं आणि रेडिएटरचं झाकण तोवर उघडायचं नाही, एवढं समजलं.

गार झाल्यावर ते आधी गाडीखाली गेले आणि दोन मिनिटांत गुन्हेगार बाहेर काढला. रेडिएटरच्या खालचा होज पाइप. क्लिपच्या कडेला कापल्यासारखा फाटलेला. आधीच्या एका गॅरेजात कोणीतरी स्वस्तातला बसवला होता आणि क्लिप नको तेवढी आवळली होती. सगळं पाणी घाटात वाहून गेलं.

"पण काका, काटा तर खाली आला होता ना?" मी विचारलं.

मिस्त्री पहिल्यांदा हसले. "ताई, काट्याचा सेन्सर पाण्यात बुडलेला असतो. तो पाण्याची गरमी सांगतो, इंजिनाची नाय. पाणीच संपलं, तर तो कशाची सांगेल?"

दादाने मान खाली घातली. बारा वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसालाही हे कोणी सांगितलेलं नव्हतं. तुमच्याकडे गाडी असेल तर एवढं एक वाक्य लक्षात ठेवा: चढणीवर काटा वर जाऊन अचानक खाली आला, तर खूश व्हायचं नाही, गाडी बाजूला घ्यायची.

मग तपासणी सुरू झाली आणि मी अक्षरशः नोट्स काढत बसले. सवय, दुसरं काय! आधी ऑइलची काडी. ती काळी यायला हवी, ती दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाची आली. म्हणजे पाणी ऑइलमध्ये गेलंय. मग रेडिएटरमध्ये कोमट पाणी भरलं, चारही नोझल काढले आणि क्रँकच्या पुलीला लांब पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. सुरुवातीला हलेना. मग कुरकुरत फिरलं आणि तिसऱ्या नंबरच्या भोकातून पाण्याचं कारंजं उडालं. गॅरेजमधलं पोरगं टाळ्या वाजवायच्या बेतात होतं. दादाकडे बघून गप्प बसलं.

आता जरा डिझेलचा फंडा क्लिअर करू. पेट्रोल इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग असतो. डिझेलमध्ये ठिणगीच नसते. पिस्टन हवेला इतकं दाबतो की ती पाचशे अंशांच्याही वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की ते आपलं आपण पेटतं. रुडॉल्फ डिझेल नावाच्या इंजिनिअरने १८९७ मध्ये जर्मनीत आउग्सबुर्गला हे चालवून दाखवलं. (हा माणूस १९१३ मध्ये इंग्लंडला जाताना बोटीवरून रात्रीत गायब झाला. आत्महत्या की आणखी काही, यावर अजून वाद आहेत. कोणीतरी सिनेमा काढायला हवा.) सांगायचा मुद्दा, डिझेल इंजिनाचा सगळा जीव त्या दाबात. दाब गळला की खेळ खल्लास.

तो दाब मोजायला मिस्त्रींकडे एक गेज होतं, काच तडकलेलं. नोझलच्या भोकात बसवायचं, स्टार्टर मारायचा, आकडा बघायचा. पहिल्या दोन सिलिंडरचे आकडे पंचविसाच्या आसपास आले. तिसरा नऊ. चौथा अकरा. शेजारशेजारचे दोन एकदम पडले म्हणजे मधली भिंत गेली, म्हणजे गॅसकेट जळलं. पण मिस्त्री तिथे थांबले नाहीत. तिसऱ्यात त्यांनी चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. नवाचे तेरा झाले. चौथ्यातही सोडलं, तो जागचा हलला नाही.

"म्हणजे?" दादा.

"ऑइलनं फट बुजली म्हणून आकडा चढला. फट रिंगला आहे. तिसऱ्याचं पिस्टन-रिंग गेलं. आणि हेड तर गेलंयच." मग माझ्याकडे वळून, बातमी फोडायची तर मुलीला फोडावी अशा सुरात, "हेड गेलंय, ताई. बाकीचं खोलल्याबिगर सांगता येत नाही."

मी आयुष्यात ज्या डॉक्टरांना भेटलेय त्यांतल्या फार थोड्यांनी असं पायरीपायरीने सांगितलंय.

मिस्त्री शिकले मॅटाडोरवर. विशीत असाल तर मॅटाडोर तुम्ही बघितलीही नसेल. आईबाबांना विचारा, लग्नाचं वऱ्हाड नाहीतर शाळेची सहल त्यांना हमखास आठवेल. पुण्याची बजाज टेम्पो कंपनी १९५८ मध्ये सुरू झाली ती जर्मनीतल्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने, आणि आपण ज्या कुठल्याही मालवाहू गाडीला बेधडक 'टेम्पो' म्हणतो ते त्या ब्रँडचं नाव. पुढे मॅटाडोरमध्ये मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्याचं इंजिन आलं. त्याच जातीचं इंजिन युरोपात मर्सिडीजच्या टॅक्स्या ओढायचं. २००५ मध्ये कंपनीचं नावही बदलून फोर्स मोटर्स झालं. "आम्ही मर्सिडीज रिपेर केलीय," मिस्त्री म्हणतात. यात थाप शून्य टक्के.

दुपारी हेड उतरवलं. तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मध्ये गॅसकेटवर बोटभर रुंद काळा ओघळ. हेडवर स्टीलची सरळ पट्टी उभी धरून मिस्त्रींनी खालून फिलर सरकवला, म्हणजे मोजपट्टीसारखी पातळ पाती. पंधरा शतांश मिलिमीटरची पाती मधोमध आरपार गेली. हेड बेंड झालेलं. साध्या कागदाहून थोडी जास्त फट, पण त्या दाबापुढे ती दरवाजासारखी. मग त्यांनी तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवरून नख ओढलं आणि दादाचा हात धरून त्यालाही ओढायला लावलं. नख अडकलं. उभे ओरखडे. नख अडकलं की नुसतं घासून भागत नाही, बोअर करून स्लीव्ह टाकावी लागते.

खालचं चेंबर खोलल्यावर तर सगळेच गप्प झाले. क्रँकच्या बेअरिंगवरचा पांढरट थर पुसला जाऊन खालचं तांबं दिसत होतं. पाणी मिसळलेलं ऑइल धातूला धातूपासून लांब ठेवूच शकत नाही.

संध्याकाळी पावसात कंदील लावून मिटिंग. (लाइट गेली होती. इगतपुरी तालुक्यात जुलैमध्ये जाते.) मिस्त्रींनी तीन रस्ते सांगितले. पहिला, हेडचं फेसिंग करून नवं गॅसकेट टाकायचं, वीस हजार, सोमवारी गाडी रस्त्यावर. पण दोन महिन्यांत बेअरिंग जाईल आणि कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येईल, कदाचित सतरा माणसं आत असताना. दुसरा, भंगारातून जुनं इंजिन उचलायचं. ते किती पळालंय ते देवाला ठाऊक, आणि इंजिन नंबर बदलला की आरटीओत जाऊन आरसी बुकात नोंद करणं आलंच. तिसरा, सगळं इंजिन उतरवून पूर्ण बांधायचं. आठ दिवस, नव्वदेक हजार.

"इन्शुरन्स?" मी विचारलं. मला वाटलं, हा मास्टरस्ट्रोक आहे.

दादा कडवट हसला. ॲक्सिडेंट झाला, आग लागली, चोरी झाली तर इन्शुरन्स. साधी मोटार पॉलिसी मेकॅनिकल ब्रेकडाउनचे पैसे देत नाही. तुमची पॉलिसी काढून वाचा, बारीक अक्षरांत आहे.

नव्वद हजार. डाउन पेमेंटसाठी जमवलेल्यातला मोठा लचका. जुन्या गाडीत एवढे घालायचे? गाडी विकली तर तीनेक लाख येतील, पण बंद इंजिनाच्या गाडीला कोण विचारतं? आणि सोमवारी साडेपाचला पिकअप होता. कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेलं, गाडी नाही आली तर बदली गाडी द्यायची, नाहीतर दंड, आणि दोनदा झालं की कॉन्ट्रॅक्ट जातं. दादाने डोंबिवलीतल्या एका मित्राची गाडी दिवसाच्या भाड्याने ठरवली. म्हणजे आठवडाभर स्वतःच्या पॅसेंजरसाठी खिशातून पैसे.

वहिनीचा फोन आला. दादा म्हणाला, "किरकोळ आहे, पंधरा-वीस लागतील." दहा मिनिटांनी तिने मला फोन केला. "तो पंधरा म्हणाला म्हणजे पाऊण लाख तरी ना गं?" मी म्हटलं, "वहिनी, नव्वद." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, "त्याला सांग, नीट बांधून आण. पोरं बसतात त्यात." आणि वर, "मी विचारलं असं सांगू नकोस."

दादाने तिसरा रस्ता घेतला. वहिनीचा निरोप मी पोचवायच्या आधीच, हे इथे नोंदवून ठेवते.

रविवारी पाइपाच्या तिपाईला चेनब्लॉक लावून इंजिन गाडीबाहेर काढलं. सोमवारी ब्लॉक, क्रँक आणि हेड पिकअपमध्ये घालून आम्ही नाशिकला लेथवाल्याकडे. (ऑफिसवाल्यांना सुटी टाकावी लागते, फ्रीलान्सरला नाही. एवढा एक फायदा!) सगळं टेन्शन हेडचं होतं. बेंड झालेलं हेड फेसिंगने सरळ होतं, पण वॉल्वच्या मध्ये क्रॅक गेला असेल तर ते भंगार आणि नव्या हेडचा खर्च वेगळा. तेवढे पैसे नव्हतेच. लेथवाल्याने हेडची सगळी भोकं पट्ट्या आणि रबराने बंद केली, आत हवेचं प्रेशर दिलं आणि गरम पाण्याच्या टाकीत बुडवलं. बुडबुडा आला की क्रॅक. आम्ही तिघं टाकीवर वाकून उभे. एक बुडबुडा आला. दादाने माझं मनगट धरलं. लेथवाला शांतपणे म्हणाला, "ती बाहेरची हवा. कोपऱ्यात अडकलेली." मग पाच मिनिटं काही नाही. पाणी स्थिर. मी रिझल्टच्या दिवशीही एवढी घाबरले नव्हते.

क्रँक पाव मिलिमीटरने ग्राइंड करून मिळाला, त्यावर तेवढीच जाड बेअरिंगं. चारही सिलिंडरला स्लीव्ह, नवे पिस्टन-रिंग. नोझल टेस्टिंगला दुसरीकडे गेले. सुट्या भागांच्या दुकानात मिस्त्रींनी होलोग्राम बघून, डबा उलटासुलटा करून, एक सेट चक्क परत केला. डुप्लिकेट! होज पाइप मात्र त्यांनी सगळ्यात आधी घेतला आणि स्वतःच्या पिशवीत ठेवला.

इंजिन बांधताना मिस्त्री वेगळेच माणूस होतात. शेडसमोर पाणी मारून धूळ बसवली. गप्पा बंद, रेडिओ बंद. प्रत्येक भाग डिझेलने धुऊन, पुसून, ऑइल लावून. रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत. हेडचे बोल्ट मधून सुरुवात करून बाहेर, तेही एका दमात नाही, टॉर्क पान्याने तीन फेऱ्यांत. पोरगं एक बोल्ट कडेचा आधी आवळायला गेलं तर त्याच्या हातावर चापट बसली. असाच दुसऱ्याने कुठेतरी आवळला असता, तर पुढच्या जुलैत पुन्हा हेड बेंड.

जेवायला बसल्यावर मी त्यांना समृद्धीबद्दल विचारलं. ते भाकरी मोडत म्हणाले, "बोगद्यात गाड्या तापत नाहीत, ताई. आपला अर्धा धंदा घाटाचा." मग थोड्या वेळाने, "आणि नव्या गाड्यांना पान्याआधी लॅपटॉप लागतो." यात तक्रारीचा सूर नव्हता. दादाला पुढे घ्यायची असलेली बीएस-सिक्स गाडी अशी रस्त्याकडेला दुरुस्त होणार नाही, हे मात्र त्याच्या चेहऱ्यावर तेव्हाच उमटलं. ती बंद पडली तर टो करून सर्व्हिस सेंटर, स्कॅनर, आणि सेंटर सांगेल ती तारीख. ज्याचं पोट रोजच्या पिकअपवर आहे त्याला ही तारीखच सगळ्यात महाग पडते. आमच्या लाइफस्टाइल पानांवर गाड्यांचे रिव्ह्यू येतात, त्यात मायलेज असतं, कपहोल्डर असतात. हे कधी नसतं.

पुढच्या रविवारी मी पहिल्या कसारा लोकलने निघाले आणि पुढे जीपने घोटी. इंजिन बसलं होतं. डिझेल लाइनमधली हवा काढली. पहिला स्टार्टर, काही नाही. दुसरा, एक उचकी. तिसऱ्याला इंजिन पेटलं. थोडा धूर झाला, मग साफ. मिस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून एकेक सिलिंडर ऐकला. ऑइल टाकायचं झाकण काढून त्याच भोकावर उलटं ठेवलं. रिंगा गळत असतील तर आतल्या वाफेने ते झाकण नाचतं. याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. झाकण जागच्या जागी पडून होतं, एखाद्या आळशी मांजरासारखं. दादा त्याच्याकडे किती वेळ बघत होता.

बिल कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलीने लिहिलेलं, एक्याण्णव हजार चारशे. त्यात होज पाइप तीनशे चाळीस. दादाने पूर्ण दिले, घासाघीस न करता. हे मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा करताना बघितलं. मिस्त्रींनी बजावलं: पहिले हजार किलोमीटर इंजिन रेस करायचं नाही, घाटात लोड नाही, पन्नास-पंचावन्नच्या वर नाही, आणि हजार झाले की ऑइल बदलायचं. "कुठंही बदला. पण हेडचे बोल्ट मीच बघीन."

रिकामी गाडी घेऊन आम्ही पन्नासच्या स्पीडने घाट उतरलो. भरलेले ट्रकसुद्धा हॉर्न मारत पुढे जात होते, दादा ढिम्म. खर्डीला चहा प्यायलो तेव्हा त्याने आधी बॉनेट उघडून पाणी बघितलं, मग चहा. डोंबिवली येईपर्यंत त्याने ट्रेकवाल्यांच्या म्होरक्याला फोन लावला होता. राहिलेला कळसूबाई ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी, तोवर पिकअपचे हजार किलोमीटर होऊन जातील. जाताना समृद्धीने. रिकाम्या गाडीने बारीहून घोटीला मागे यायचं, मंडळी डोंगर चढतायत तोवर बोल्ट तपासून घ्यायचे. तुला यायचं असेल तर सीट ठेवतो, तो मला म्हणाला, पण या वेळी हाफ तिकीट.